कुलुपांत मोडलेली किल्ली



आमच्या प्रभूनें लोकांस उपदेश केला तेव्हां दृष्टांतासाठीं त्यानें दूरच्या वस्तु शोधिल्या नाहींत. दिवा, खमीर, हरवलेलें नाणें, जुन्या वस्त्राचें ठिगळ, अपरात्रीं दार ठोठावणारा मित्र, ह्या सर्व गोष्टी ऐकणारांच्या घरांतल्याच होत्या. तोच कित्ता पुढें ठेवून आज आम्हीं एक घरगुती गोष्ट विचारासाठीं घेतली आहे. दाराच्या कुलुपांत किल्ली फिरवितां फिरवितां मोडली. अर्धी हातांत राहिली आणि अर्धी कुलुपांत अडकली. अशा वेळीं काय करावें, आणि त्यापासून आपल्या आत्म्यास कोणता बोध होतो, हें आपण क्रमानें पाहूं.

रत्नागिरी जिल्ह्यांत हा प्रसंग कोणास नवा नाहीं. जून महिन्यापासून येथें चार महिने पाऊस कोसळतो. वर्षास शंभर इंचांहून अधिक पाणी पडतें. समुद्रावरून येणारा वारा खारट असतो. जांभ्या दगडाची भिंत त्यास दाद देत नाहीं, परंतु लोखंड मात्र गंजतें. त्यांत येथील पुष्कळ घरें वर्षांतून बरेच महिने बंद असतात. १८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि पुढें ह्या जिल्ह्यांतून हजारों माणसें गिरणकामास गेलीं. १९८२ सालच्या मोठ्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी ह्या कुटुंबांपैकीं पुष्कळ तिकडेच राहिलीं. १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा मार्ग पुरा झाल्यापासून जाणें-येणें सोपें झालें. पण घराचें कुलूप निघतें तें शिमग्यास, गणपतींत, मे महिन्यांत किंवा नाताळांत. मधल्या काळांत तें दारावर लोंबत पावसांत भिजत असतें.

असें समजा कीं दोघे भाऊ आपल्या वृद्ध आईस घेऊन मे महिन्यांत रात्रीच्या गाडीनें गांवीं आले. वडील वारल्यास दोन वर्षें झालीं आहेत, आणि तेव्हांपासून घराच्या वांटणीविषयीं दोघांच्या मनांत अढी आहे. थोरला किल्ली लावितो. कुलूप फिरत नाहीं. तो जोर करितो आणि किल्ली मोडते. धाकटा म्हणतो, "दादा, जोर केलास म्हणून मोडली." थोरला म्हणतो, "गेल्या नाताळांत तूं आला होतास ना? तेव्हां कुलुपास दोन थेंब तेल घालावयास काय झालें होतें?" आई पायरीवर बसली आहे. तिला तहान लागली आहे, आणि तिच्या औषधाची वेळ टळून चालली आहे. तिच्याकडे कोणाचें लक्ष नाहीं. धाकटा कुऱ्हाड मागावयास शेजाऱ्याकडे निघतो. आणि ज्या दारावर ती कुऱ्हाड पडावयाची तें फणसाच्या लांकडाचें दार बापानें स्वतः उभें राहून बसवून घेतलेलें आहे.

वाचकहो, येथें मोडलें तें काय? पितळेचा बोटभर तुकडा. पण दोन वर्षें मनांत कोंडलेलें जें होतें तें त्या तुकड्याच्या निमित्तानें बाहेर पडलें.

किल्ली कां मोडते

किल्ली एकाएकीं मोडते असें आपणांस वाटतें, पण तसें नसतें. किल्ल्या बहुधा पितळेच्या करितात, कारण पितळ लोखंडासारखें गंजत नाहीं, आणि कानशीनें त्यास आकार देणें सोपें जातें. परंतु पितळास पोलादाचें बळ नसतें. किल्लीला जेथें खांचा पाडलेल्या असतात तेथें ती अगोदरच बारीक झालेली असते. कुलूप कठीण झालें म्हणजे आपण दर खेपेस थोडा अधिक जोर करितों; दर खेपेस किल्ली केसाएवढी पिळली जाते, आणि खांचेपाशीं एक सूक्ष्म चीर पडते. ती डोळ्यांस दिसत नाहीं, पण वाढत राहते. मग एके दिवशीं नेहमींच्याच जोरानें किल्ली तुटते. त्या दिवशीं ती ज्याच्या हातांत असेल त्याच्यावर सर्व दोष येतो. परंतु चीर पाडण्यास अनेक हात लागलेले असतात.

मंडळींतील व घरांतील कलह असेच होत नाहींत काय? बांधाची हद्द, सामाईक विहिरीचें पाणी, आंब्याच्या एका झाडाचीं फळें, लग्नांत राहून गेलेलें एक आमंत्रण. अशा एखाद्या गोष्टीवरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. बाहेरचा मनुष्य म्हणतो, "एवढ्याशा गोष्टीवरून एवढें भांडण!" त्यानें तुटलेली किल्ली पाहिली, तिच्यांतील चीर पाहिली नाहीं. म्हणून आम्हीं उपदेशक बंधूंस सांगतों कीं, समेट करावयास जाल तेव्हां शेवटचा शब्द कोण बोलला एवढेंच विचारूं नका. कुलूप किती वर्षें कठीण फिरत होतें, आणि तेल घालण्याचें काम कोणकोणाचें होतें, हेंहि सौम्यपणें विचारा.

खरी किल्ली कां लागत नाहीं

आतां मुख्य गोष्टीकडे लक्ष द्या. बहुतेक घरांत दुसरी किल्ली असते. कोणी ती शेजाऱ्याकडे ठेवितो, कोणी आईच्या पिशवींत. ती नीट आहे, झिजलेली नाहीं, त्याच कुलुपाची आहे. तरी ती लागत नाहीं, कारण मोडक्या किल्लीचा तुकडा वाट अडवून आंत बसला आहे. ह्यावरून दुसरी किल्ली खोटी आहे असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. तो आधीं तुकडा काढावयास लागेल.

आमच्यांतील पुष्कळांची हीच दशा आहे. ते दर रविवारीं उपासनेस येतात, वचन ऐकतात, प्रार्थनेंत डोळे मिटतात. वचन खरें आहे, तें त्यांच्याचसाठीं आहे, तरी तें आंत जात नाहीं. मग ते म्हणतात, "पाळकांच्या उपदेशांत पूर्वींचा जोर राहिला नाहीं." अहो, किल्ली तीच आहे. भावाविषयींच्या रागाचा एक तुकडा कुलुपांत अडकून राहिला आहे, त्याचें काय? म्हणूनच प्रभूनें सांगितलें कीं, वेदीपाशीं अर्पण घेऊन आल्यावर भावाच्या मनांत आपणांविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं त्याच्याकडे जावें. शास्त्री लोकांसहि त्यानें दोष दिला तो हाच कीं, ज्ञानाची किल्ली त्यांनीं काढून घेतली. ते स्वतः आंत गेले नाहींत, आणि जाणारांसहि त्यांनीं अडविलें. कुलुपांतला तुकडा एकट्या मालकाला अडवीत नाहीं. त्या दारानें आंत जाणारीं मुलें, पाहुणा, आजारी मनुष्य, हीं सर्व बाहेर राहतात. वडीलधाऱ्यांच्या वैरामुळें त्यांचीं नातवंडें एकमेकांस ओळखीत नाहींत, हें आपण गांवोगांव पाहतों.

काय करूं नये

पहिलें, हातांत राहिलेला अर्धा भाग पुनः भोंकांत घालून फिरवूं पाहूं नये. त्यानें आंतला तुकडा अधिक खोल जातो. ज्या शब्दांनीं भांडण झालें तेच शब्द अधिक मोठ्यानें बोलणें म्हणजे हेंच होय. "माझेंच खरें होतें, आतां तरी कबूल कर," असें म्हणत समेटास जाणारा मनुष्य तुकडा आंत ढकलीत असतो.

दुसरें, कित्येक जण तुकड्याच्या टोकास चिकट द्रव्य लावून तो ओढून काढूं पाहतात. तें द्रव्य आंत पसरून कुलुपाचे भाग जागच्या जागीं धरून बसतें, आणि मग तें कुलूप फुकट जातें. प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला म्हणून पंचांनीं दोघांस घाईघाईनें समोरासमोर आणून हात मिळवावयास लावावे, आणि मूळ गोष्टीविषयीं कोणीं चकार शब्द काढूं नये, हा असाच चिकटविण्याचा प्रकार आहे. तो एक रविवार टिकतो.

तिसरें, दारावर कुऱ्हाड घालूं नये. कुलूप चार पैशांचें, दार पिढ्यांचें. जी गोष्ट दोन भावांस पायरीवर बसून बोलतां आली असती ती कोर्टकचेरींत नेली म्हणजे वकील जिंकतो, पण घर फुटतें. कडी कापण्याची वेळ आलीच तर ती अखेरची, आणि तेव्हांहि कापावयाची ती कुलुपाची कडी. दाराची फळी नव्हे.

काय करावें

पहिली गोष्ट, कुलुपाचें भोंक मूळच्या जागीं आणावें. किल्ली घालतेवेळीं तें जसें उभें असतें तसें तें असलें पाहिजे. ह्याचें कारण समजून घ्या. १८६१ सालीं अमेरिकेंत लायनस येल ह्यानें ज्या जातीच्या कुलुपाचा हक्क घेतला, आणि जीं आतां घरोघर दिसतात, त्यांत लहान लहान खिळ्यांची एक रांग स्प्रिंगांवर बसविलेली असते. योग्य किल्ली घातली म्हणजे सर्व खिळे नेमक्या उंचीवर येतात व आंतला गोल भाग फिरतो. पण तो थोडासा जरी फिरलेला असला तरी खिळ्यांस वर सरकावयास जागा राहत नाहीं, आणि ते किल्लीस धरून ठेवितात. अशा स्थितींत कितीहि ओढा, तुकडा निघणार नाहीं. म्हणून बारीक पेंचकसाच्या टोंकानें तो गोल भाग हलक्या हातानें मागें फिरवून सरळ करावा.

पश्चात्ताप म्हणजे हेंच नव्हे काय? पुष्कळ लोक समजतात कीं, पश्चात्ताप म्हणजे रडणें. रडणें येवो अथवा न येवो. पश्चात्ताप म्हणजे फिरणें होय. जेथून आपण वांकडे वळलों त्या जागीं परत यावें. उधळ्या पुत्राची सुटका त्याच्या अश्रूंनीं झाली असें शास्त्र सांगत नाहीं. तो उठला आणि बापाच्या घराकडे वळला असें सांगतें.

दुसरी गोष्ट, तेल. शिवणयंत्राचें पातळ तेल दोन थेंब सोडावें व थोडा वेळ थांबावें. आपल्याकडे हाताशीं असतें म्हणून खोबरेल घालितात. परंतु तें कालांतरानें घट्ट होतें, त्यास धूळ धरते, आणि पुढच्या खेपेस कुलूप पहिल्याहून जड फिरतें. खरी दया व खुशामत ह्यांत हाच भेद आहे. दोन्ही मऊ लागतात. पण खुशामत मागें चिकटा ठेवून जाते. आणि थांबण्याची आज्ञा विसरूं नका. तेल घातल्याबरोबर ओढावयास लागणारानें तें कशासाठीं घातलें?

तिसरी गोष्ट, बारीक हत्यार. तुकड्याचें टोंक बाहेर दिसत असेल तर अणकुचीदार चिमट्यानें धरून सरळ रेषेंत ओढावें. दिसत नसेल तर बारीक करवतीचें पातें, दांते बाहेरच्या बाजूस येतील असें धरून, किल्लीच्या खांचांच्या बाजूनें आंत सरकवावें, किंचित् कलतें करून दांत्यांत तुकडा पकडावा आणि हळूहळू बाहेर ओढावें. लोंबतें कुलूप हातांत घेतां येत असेल तर त्याचें भोंक खालीं करून लांकडाच्या तुकड्यानें हलकेच ठोकावें. कित्येकदां तेवढ्यानेंच तुकडा निसटून पडतो. येथें घणाचें काम नाहीं. "भाऊ, त्या दिवशीं माझा शब्द जड गेला," एवढें लहान वाक्य जेथें शिरतें तेथें तासाभराचा उपदेश शिरत नाहीं. दांते बाहेरच्या बाजूस असावेत हेंहि लक्षांत ठेवा. आंत टोंचणें हा आपला हेतु नाहीं, अडकलेलें बाहेर आणणें हा आहे.

हें काम एकट्यानें होणें कठीण असतें. एकानें कुलूप स्थिर धरून उजेड दाखवावा, दुसऱ्यानें ओढावें. आपल्या दृष्टांतांतील शेजारीण शहाणी होती असें समजा. तिनें कुऱ्हाड दिली नाहीं. तिनें आधीं म्हातारीस पाणी दिलें, पोटांत कांहीं घालून औषध घेतां यावें म्हणून पेज दिली, आणि मग शिवणयंत्राजवळची तेलाची कुपी व बत्ती घेऊन ती आली. धाकट्यानें बत्ती धरली, थोरल्यानें चिमटा धरला. तुकडा निघाल्यावर शेजारणीकडे ठेवलेली दुसरी किल्ली सहज फिरली. आंत गेल्यावर वांटणीचा प्रश्न सुटलेला नव्हता. पण आतां दोघेहि एका छपराखालीं बसून त्याविषयीं बोलूं शकत होते. समेट म्हणजे सर्व हिशेब एका रात्रींत मिटणें नव्हे. दार उघडणें ही त्याची सुरुवात आहे.

चवथी गोष्ट, आपल्यानें होत नसेल तर कुशल मनुष्यास बोलवावें. प्रभूनें हाच क्रम घालून दिला आहे: भावानें अपराध केला तर आधीं एकट्यानें त्याच्याकडे जावें, त्यानें ऐकलें नाहीं तर एकदोघांस बरोबर घ्यावें, आणि मग मंडळीस सांगावें. आम्ही बहुधा उलट करितों. आधीं सर्व गांवास सांगतों, मग दोघांस, आणि त्या भावास कधींच नाहीं.

पांचवी गोष्ट, दोन्ही तुकडे जपून ठेवावे. किल्ल्या करणारा ते जुळवून त्यांवरून नवी किल्ली काढूं शकतो. जुनी डाग देऊन पुनः वापरूं नये. ती त्याच जागीं मोडेल. झालेल्या गोष्टी विसरून जा असें आम्ही सांगत नाहीं. त्यांवरून नवी रीत घडवा असें सांगतों.

कुलूप करणारांपासून दोन धडे

१८१८ सालीं इंग्लंडांत जेरेमाया चब्ब ह्यानें एक कुलूप तयार केलें. त्यांत कोणी खोटी किल्ली किंवा तार घालून खटपट केली, तर आंतील एक भाग अडकून पडे व मग तें कोणासच उघडत नसे. मालकास त्यावरून कळे कीं, कोणी तरी येथें हात घातला होता. १८२४ सालीं त्यांत सुधारणा होऊन मालकाचीच खरी किल्ली उलट फिरविली असतां तो अडकलेला भाग मोकळा होऊं लागला. मनुष्याचें मन असेंच आहे. एकदां कोणीं त्याच्याशीं कपटानें किंवा उर्मटपणानें खटपट केली कीं, तें मित्रासहि उघडत नाहीं. उपदेशक बंधूंनो, एखादा गांवकरी तुमच्याशीं रुक्षपणें बोलला तर लगेच त्यास कठीण अंतःकरणाचा म्हणूं नका. तुमच्याआधीं कोणी तेथें तार घातली असेल. तुम्हीं प्रथम त्याचें ऐकून घ्या. किल्ली आधीं उलट फिरवा, मग सुलट.

दुसरा धडा आपल्या मुंबईचा. अर्देशिर गोदरेज ह्या पारशी गृहस्थांनीं १८९७ सालीं लालबाग येथें कुलुपें करण्याचा कारखाना काढला. त्यापूर्वीं ते वकील होते, आणि पक्षकारासाठीं सत्य वांकविणें पटेना म्हणून त्यांनीं तो धंदा सोडला होता. ज्याच्या शब्दास कुलूप नाहीं त्याच्या हातचें कुलूप लोक विश्वासानें दारास लावतील काय? मंडळींत मध्यस्थ निवडतांना हें ध्यानांत असावें. दोन्ही बाजूंचें गुपित ज्याच्यापाशीं सुरक्षित राहील, आणि जो कोणासाठींहि सत्य वांकविणार नाहीं, असा मनुष्य गरीब असला तरी त्यासच पाठवा.

बंद दाराच्या आंत

रत्नागिरींतील थिबा राजवाडा आपल्यांपैकीं बहुतेकांनीं पाहिला आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ सालीं येथें आणला गेला; १९१० सालीं त्याच्यासाठीं हा वाडा तयार झाला; आणि १९१६ सालीं तो येथेंच मरण पावला. वाडा मोठा होता, समोर समुद्र दिसत होता, परंतु सरकारच्या परवानगीवांचून त्यास मोकळेपणीं कोठें जातां येत नव्हतें. त्यास दुसऱ्यांनीं कोंडलें होतें. जो मनुष्य आपल्या भावाविरुद्ध राग धरून बसतो तो मात्र आपणच आपणांस कोंडतो, आणि समजतो कीं, मीं भावास बाहेर ठेविलें आहे.

पुनरुत्थानाच्या दिवशीं संध्याकाळीं शिष्य भयानें दारें लावून बसले होते. त्यांतील एकानें प्रभूस नाकारलें होतें, आणि बहुतेक सारे त्यास सोडून पळाले होते. प्रभु आला तो दार फोडून आला नाहीं, आणि दोषांची यादीहि त्यानें वाचली नाहीं. तो मध्यें उभा राहिला, त्यांस शांति दिली आणि आपले हात दाखविले. त्या हातांत खिळ्यांचे वण होते. अपराध्याकडे प्रथम कोणीं जावें, हा प्रश्न त्या संध्याकाळीं कायमचा निकालांत निघाला. ज्याचा अपराध झाला होता तोच प्रथम आला. मग आपण कशासाठीं वाट पाहतों?

जांभा दगड खाणींतून काढितांना मऊ असतो. हवा लागली म्हणजे तो कठीण होत जातो. ज्यास चिरा घडावयाचा आहे तो ताज्या दगडावर हत्यार चालवितो. म्हणून आजचा राग उद्यांवर टाकूं नका. पाऊस सुरू होण्यापूर्वीं घरच्या कुलुपास तेल घाला. झिजलेली किल्ली मोडेपर्यंत वाट न पाहतां, नीट असलेल्या किल्लीवरून नवी करून घ्या, व एक विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवा. आणि ज्या भावाशीं आपण बोलत नाहीं त्याच्या दारीं पुढच्या रविवारपूर्वीं जा. हातांत मोडका तुकडा असला तरी चालेल. त्याच्यापाशीं दुसरा असेल.

हे दयाळू देवबापा, आमच्या अंतःकरणांत जें मोडून अडकलें आहे तें तुला दिसतें. आम्हांस जोर करूं देऊं नको, फिरावयास शिकीव. आमच्या भावाचें दार आम्हांस उघडें कर, आणि आमचें त्याच्यासाठीं. आमेन.